पीसीतले आरजीबी दिवे एका तालात कसे आणायचे?

पंखाप्रेमी :
मंडळी, पीसी जोडून झालाय, चालतोय झकास, तापमान आटोक्यात, आवाजही फारसा नाही, तक्रार आहे ती फक्त दिव्यांची. मदरबोर्ड एका कंपनीचं, ग्राफिक्स कार्ड दुसरीचं, रॅम तिसरीची, केससोबत (कॅबिनेटसोबत) आलेले पुढचे तीन पंखे कुणाचे ते केसवाल्यालाच ठाऊक, आणि वरती लिक्विड कूलर, त्याचं स्वतःचं वेगळंच सॉफ्टवेअर. आत्ता चार सॉफ्टवेअरं टाकलीयेत, चारही विंडोजबरोबर सुरू होतात आणि सुरू झाल्या झाल्या भांडायला लागतात. रॅम मी निळी ठेवली की थोड्या वेळाने आपोआप इंद्रधनुष्य, कार्ड निळं आहे पण ते निळं आणि पंख्याचं निळं यात जमीनअस्मानाचा फरक, आणि केसचे पंखे तर कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाहीत, ते केसच्या बटणावर चालतात.

मला फार काही नकोय हो. सगळं एका रंगात हवं, आणि कधी मूड आला तर एक लाट पुढच्या पंख्यांतून निघून वरून मागे गेलेली दिसावी. एवढंच. जमण्यासारखं आहे का, की सगळं एकाच कंपनीचं घ्यायला हवं होतं? जाणकारांनी प्रकाश टाकावा (कोटी आपोआप झाली, राहू दे).

काळोख :
सोप्पं आहे. दिव्यांच्या सगळ्या वायरी काढा, केस टेबलाखाली ठेवा. हलकंच घ्या.

जुना_सोल्डर :
जमण्यासारखं आहे. पण सॉफ्टवेअरच्या आधी वायरी बघा, सॉफ्टवेअर चुकलं तर रंग चुकतो, वायर चुकली तर एलईडी जातात.

बोर्डावर दिव्यांसाठी दोन जातीचे हेडर (वायर लावायच्या पिनांच्या जागा) असतात. एक चार पिनांचं, १२ व्होल्टचं, नुसतं आरजीबी. एक पिन १२ व्होल्टची, उरलेल्या तीन हिरवा-लाल-निळा, त्यामुळे त्यावरचे सगळे एलईडी एका वेळी एकच रंग दाखवणार, लाट वगैरे विसरायचं. दुसरं तीन पिनांचं, ५ व्होल्टचं, त्याला एआरजीबी म्हणतात. दिसायला चार पिनांतली एक उपटल्यासारखं : ५ व्होल्ट, डेटा, रिकामी जागा, ग्राउंड. यात प्रत्येक एलईडीच्या पोटात चिप असते, डब्ल्यूएस२८१२बी किंवा तिची भावंडं, म्हणून प्रत्येकाला वेगळा रंग देता येतो. ५ व्होल्टचा पंखा १२ च्या हेडरवर लावला की खेळ खल्लास. प्लगमधलं एक भोक बुजवलेलं असतं म्हणून सहसा चुकीचं बसत नाही, पण सुट्या पिनांच्या एक्स्टेन्शन वायरींमध्ये ही अडवणूक नसते, लोक फसतात ते तिथे.

नावंही कंपनीगणिक वेगळी. एमएसआयवर जेआरजीबी म्हंजे १२ चं आणि जेरेनबो म्हंजे ५ चं. गिगाबाइटवर एलईडी_सी आणि डी_एलईडी. असूसच्या नव्या बोर्डांवर एडीडी_जेन२, एएसरॉकवर एडीडीआर_एलईडी. नावावर विसंबू नका, मॅन्युअलमध्ये व्होल्ट बघून मगच प्लग हातात घ्या, आणि पीसी बंद करून, पॉवर सप्लायचं मागचं बटणसुद्धा बंद करून, कारण पीसी बंद असला तरी ५ व्होल्टची स्टँडबाय लाइन जिवंत असते.

केबलबाई :
सोल्डर दादांना +१. आता तुमच्या केसच्या पंख्यांबद्दल. बटणावर चालतात म्हणजे मागच्या बाजूला मदरबोर्डच्या ट्रेमागे (बोर्ड ज्या पत्र्यावर बसतं त्याच्या मागे) कुठेतरी एक छोटं हब (सगळ्या पंख्यांच्या वायरी जिथे येतात ती डबी) चिकटवलेलं असणार, त्याला सॅटा पॉवर (हार्डडिस्कला लागते तसली पॉवर सप्लायची वायर) येत असेल. त्या हबमधून आणखी एखादी सुटी वायर निघते का बघा, तीन भोकांचा प्लग असलेली, बहुतेक वेळा केबल टायने गुंडाळून ठेवलेली असते आणि केस जोडणारा माणूस ती कशाची ते न कळल्यामुळे तशीच ठेवतो. ती बोर्डाच्या ५ व्होल्ट हेडरला लावायची आणि केसचं बटण दोन-तीन सेकंद दाबून धरायचं, बहुतेक हब बोर्डाच्या ताब्यात जातात. किती वेळ दाबायचं ते केसच्या कागदावर असतं.

ती वायरच नसेल आणि पंख्यांचे प्लग सहा पिनांचे असतील, तर मात्र अवघड. सहा पिनांमध्ये मोटर आणि दिवे एकत्र असतात आणि कुठली पिन कशाची हे प्रत्येकाचं वेगळं, दुसऱ्या कंपनीचा अडॅप्टर बसतो म्हणून लावला असं करू नका.

पंखाप्रेमी :
ताई, सापडली! अगदी तुम्ही म्हणालात तशी, टायने गुंडाळलेली. लावली, बटण दाबून धरलं, आणि पंखे बोर्डाच्या सॉफ्टवेअरला ऐकायला लागले. धन्स!! पण आता नवीन प्रश्न. लाट लावली की तिन्ही पंख्यांत एकदमच सुरू होते आणि एकदमच संपते, खालच्या पंख्यातून वरच्यात जात नाही. हेडर दोन आहेत बोर्डावर, एक हबला गेलं, दुसऱ्यावर मागचा पंखा.

केबलबाई :
कारण तुमचं हब स्प्लिटर आहे. बोर्ड जो डेटा पाठवतं तोच सगळ्या पंख्यांना, प्रत जशीच्या तशी. बोर्डाला वाटतं एकच पंखा लागलाय. लाट पुढे सरकायला हवी असेल तर पंखे एकामागे एक जोडायला लागतात, म्हणजे पहिल्याची बाहेर जाणारी वायर दुसऱ्याच्या आत जाणाऱ्यात. त्यासाठी पंख्याला दोन प्लग हवेत, एक नर एक मादी. तुमच्या पंख्यांना एकच प्लग असेल तर हे पंखे लाटेचे नाहीत, एका रंगाला मात्र उत्तम.

जुना_सोल्डर :
आतलं गणित सांगतो, आवडेल त्याने वाचा. डेटाची वायर एकच, तिच्यावरून सेकंदाला ८ लाख बिट जातात. प्रत्येक एलईडीला २४ बिट लागतात, तिन्ही रंगांचे आठ आठ. रांगेतल्या पहिल्या पोराने गठ्ठ्यातली आपली वही काढून घ्यावी आणि बाकीचा गठ्ठा मागे सरकवावा तसं, पहिला एलईडी स्वतःचे २४ बिट ठेवतो, उरलेले पुढे पाठवतो. एका एलईडीला ३० मायक्रोसेकंद, १०० एलईडींना ३ मिलिसेकंद, डोळ्याला कळायचा प्रश्नच नाही. म्हणून रांग हवी. स्प्लिटरमध्ये सगळे पंखे स्वतःला पहिलंच पोर समजतात.

आणि म्हणूनच सॉफ्टवेअरला एलईडींची संख्या खरी सांगायला लागते. पंख्यात १२ आहेत आणि तुम्ही ८ लिहिलंत तर शेवटचे चार अंधारात किंवा आधीच्याच रंगावर अडकून बसतात. जास्त लिहिलंत तर जळत वगैरे काही नाही, लाट पंख्यांतून बाहेर पडून हवेत फिरत राहते आणि तुम्हाला वाटतं मध्येच दिवे थांबतात. संख्या डब्यावर नसेल तर एकेक एलईडी पेटवत मोजा.

विजेचंही बघा. जुन्या डब्ल्यूएस२८१२बीला पूर्ण पांढऱ्या रंगात साधारण ६० मिलिअँपिअर लागतात, नवीन जाती बऱ्याच कमी घेतात. १२ एलईडीचे सहा पंखे म्हणजे ७२ एलईडी, म्हणजे पूर्ण पांढऱ्यात ४.३ अँपिअर. बोर्डाच्या हेडरची मर्यादा बहुतेक ठिकाणी ३ अँपिअर. तेव्हा पाच-सहा पंखे असतील तर सॅटातून पॉवर घेणारं हब घ्या, ज्यात बोर्डाकडून फक्त डेटा येतो. सॅटाच्या प्लगवर ५ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअर, मिळून ४.५. एकाच सॅटा वायरवर दोन हब आणि वर पंपाचं कनेक्शन असला अतिउत्साह नको.

पंखाप्रेमी :
माझ्या पंख्यांना एकच प्लग. म्हंजे लाट कटाप? :(

केबलबाई :
पुढचे तीन बदललेत तर होईल. पण पंखे बदलताना रांगेचा क्रम केसमधल्या जागेप्रमाणे ठेवा : पुढचा खालचा, मधला, वरचा, मग छताचा पुढचा, छताचा मागचा, शेवटी मागचा. ट्रेमागे वायरी लांब पडतात म्हणून लोक जवळ आहे त्याला जोडून टाकतात आणि मग लाट उड्या मारते. प्रत्येक प्लगला कागदी चिठ्ठी लावा, नंतर दुवा द्याल.

दुसरं, पंखा कुठल्या बाजूने दिसतो ते बघा. साध्या पंख्यात हवा उघड्या बाजूने आत येते आणि मोटरचे आडवे दांडे असलेल्या बाजूने बाहेर पडते. मागचे आणि छताचे पंखे हवा बाहेर टाकतात त्यामुळे त्यांची देखणी बाजू केसच्या आत दिसते. पण तळाला किंवा काचेसमोरच्या बाजूला हवा आत ओढणारे पंखे लावलेत तर आतून तुम्हाला दांडे आणि वायर दिसणार. त्या जागी रिव्हर्स ब्लेड पंखे मिळतात, पाती उलट्या पिळाची, देखणी बाजू आत ठेवूनही हवा आतच येते. उलटसुलट लावलेल्या पंख्यांत गोल फिरणारा इफेक्टही उलटा फिरतो, एक घड्याळाप्रमाणे तर शेजारचा त्याच्या विरुद्ध. चांगल्या सॉफ्टवेअरात दिशा उलटवता येते, सगळ्यांत नाही.

टर्मिनलवाला :
आता सॉफ्टवेअर. चार टाकलीयेत म्हणता तिथेच मेख आहे, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत आणि तुम्ही चार कोंबल्यात. रॅमचं इंद्रधनुष्य का होतं? रॅमचे दिवे बोर्डावरच्या एसएमबसवरून (भागांमधले छोटे निरोप नेणाऱ्या लाइनवरून) चालतात, तो बस सगळ्यांना सामायिक. बोर्डाचं सॉफ्टवेअर त्यावर लिहितं, रॅमवाल्याचं लिहितं, आणि तापमान दाखवणारी सॉफ्टवेअरंही तिथूनच वाचतात. दोघांनी एकदम हात घातला की अर्धा निरोप एकाचा अर्धा दुसऱ्याचा. बहुतेक वेळा नुसते रंग बिघडतात, पण रॅमची एसपीडी चिपसुद्धा (रॅमची माहिती साठवणारी) त्याच बसवर आहे, त्यात भलतंच लिहिलं गेलं तर रॅम ओळखण्याचे वांधे. तेव्हा एकालाच मालक करा. बाकीची बंद नव्हे, अनइन्स्टॉल, कारण बंद केलेल्यांच्या सर्व्हिसा मागे चालूच राहतात.

मालक कोण? माझं मत ओपनआरजीबी. मुक्त सॉफ्टवेअर, विंडोज-लिनक्स दोन्हीकडे चालतं, बोर्ड, रॅम, कार्ड, कीबोर्ड बऱ्याच कंपन्यांचं एका खिडकीत. खातं नको, लॉगिन नको. पहिल्यांदा उघडल्यावर बोर्डाचे एआरजीबी हेडर रिकामे दिसतील, घाबरू नका, झोन रिसाइझ करून एलईडींची संख्या टाकायची असते. लाटेसाठी त्याचं इफेक्ट्स प्लगिन वेगळं घ्यायला लागतं. लिनक्सवर असाल तर आय२सी-डेव्ह मॉड्यूल आणि इंटेलला आय२सी-आय८०१, एएमडीला आय२सी-पीआयआयएक्स४ लोड करा, नाहीतर रॅम दिसणारच नाही.

रँकपुश :
थांबा थांबा, गेम खेळणाऱ्यांचा विचार करा. ही सगळी सॉफ्टवेअरं बसला हात लावायला कर्नल ड्रायव्हर (विंडोजच्या गाभ्यात चालणारे) वापरतात आणि अँटीचीटला (गेममधली लबाडी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरला) ते आवडत नाहीत. २०२० मध्ये व्हॅलोरंट हा गेम आला तेव्हा त्याच्या व्हॅनगार्ड अँटीचीटने असले कितीतरी ड्रायव्हर अडवले होते, कुणाचे दिवे बंद कुणाचं पंख्याचं कंट्रोल बंद, बोंबाबोंब झाली होती.

टर्मिनलवाला :
बरोबर, पण त्यातला खरा गुन्हेगार विनरिंग० नावाचा जुना ड्रायव्हर. त्यातल्या सुरक्षेच्या भोकाला २०२० मध्येच सीव्हीई नंबर (जाहीर त्रुटींच्या यादीतला क्रमांक) मिळालाय. कुठलाही साधा प्रोग्रॅम त्याच्या पाठीवर बसून कर्नलपर्यंत जाऊ शकतो, तेव्हा अडवणाऱ्यांचं चुकलं असं मी तरी म्हणणार नाही. मार्च २०२५ मध्ये विंडोज डिफेंडरनेही त्याला हॅकटूल ठरवून उचलायला सुरुवात केली आणि एका दिवसात निम्म्या जगाच्या पंख्यांची आणि दिव्यांची सॉफ्टवेअरं आडवी झाली. ओपनआरजीबीच्या नव्या १.० च्या आवृत्त्या पॉनआयओ नावाच्या ड्रायव्हरवर गेल्यात. जुनी ०.९ कुठून उतरवून घेऊ नका, आणि डिफेंडरला गप्प बसवून जुना ड्रायव्हर चालवा असं सांगणारे व्हिडिओ बघू नका.

एकछत्री :
हा सगळा उपद्व्याप वाचून हसू येतंय. पंखे, कूलर, रॅम एका कंपनीचं घ्या, विषय संपला. कॉर्सेअरचं आयक्यू लिंक बघा, लिआन ली चे युनि फॅन बघा, पंखे एकमेकांना चिकटतात, शेवटाला एकच वायर, सॉफ्टवेअरला क्रम आपोआप कळतो. वेळेला काही किंमत आहे की नाही?

केबलबाई :
वायरिंगच्या बाबतीत मान्य, युनि फॅन लावताना खरंच मजा येते, ट्रेमागे रान माजत नाही. पण एकछत्री साहेब, कार्ड आणि बोर्ड कुठून आणणार त्याच कंपनीचं? ती दोन्ही शेवटी परकीच. आणि दोन वर्षांनी एक पंखा गेला तर तोच, त्याच पिढीचा शोधत फिरा, कारण त्या कंपनीचा नवा कनेक्टर आलेला असतो. साधा तीन पिनांचा एआरजीबी पंखा कुणाचाही बसतो.

अवांतर : असल्या हबांना आणि कूलरच्या पंपांना बोर्डावरचं नऊ पिनांचं यूएसबी २.० हेडर लागतं, आणि ते बऱ्याच बोर्डांवर एक किंवा दोनच. कूलर, पंख्यांचं हब, समोरचं पॅनेल असं सगळं मागायला लागलं की आतमध्ये यूएसबीचं वेगळं हब बसवावं लागतं. विकत घेण्याआधी मोजा.

पंखाप्रेमी :
अपडेट. चारही सॉफ्टवेअरं काढली, ओपनआरजीबी टाकलं. बोर्ड, रॅम, कूलर लगेच दिसले, कार्ड यादीत नव्हतं पण त्याला बाजूला तीन पिनांचं एक सॉकेट आहे हे आत्ता कळलं.

जुना_सोल्डर :
काही कार्डांवर असतं, सॅफायरच्या नायट्रो प्लसमध्ये बघितलंय. त्यातून बोर्डाच्या ५ व्होल्ट हेडरला वायर दिली की कार्डाचे दिवे बोर्डाचे गुलाम. पण ते सॉकेट आत घेणारं आहे की बाहेर देणारं ते मॅन्युअलमध्ये बघा, काही कार्डांवर उलटं असतं. देणारं असेल तर बोर्डाच्या हेडरला जोडू नका.

पंखाप्रेमी :
आत घेणारं निघालं, लावलं, चालतंय. आता सगळं एका मालकाच्या ताब्यात. पण रंग!! सगळ्यांना तोच आकडा दिलाय, निळ्याच्या ०, ०, २५५ (लाल, हिरवा, निळा या क्रमाने) मध्ये फार फरक नाही, पण नारिंगी करायला गेलो तर पंखे पिवळे, रॅम हिरवट पिवळी, कार्ड बऱ्यापैकी नारिंगी. पांढऱ्याचं तर विचारूच नका, पंखे निळसर, रॅम गुलाबी.

पांढरपेशा :
आला आमचा विषय. :)

नारिंगीचं आधी. स्क्रीनवरच्या नारिंगीचा आकडा २५५, १६५, ०. मॉनिटर त्यावर गॅमा लावून दाखवतो, म्हणजे १६५ चा उजेड पूर्ण उजेडाच्या ६५ टक्के नसतो, साधारण ३८ टक्केच असतो. एलईडीला असलं काही कळत नाही, १६५ म्हटलं की तो २५५ पैकी १६५ वेळ पेटणार, म्हणजे खरोखर ६५ टक्के हिरवा. मग पिवळं दिसणारच. तोच नारिंगी एलईडीवर हवा असेल तर आकडा २५५, ९८, ० च्या आसपास येतो, आणि हिरवा एलईडी मुळात डोळ्याला जास्त भडक वाटतो म्हणून मी आणखी खाली जाऊन ६०-७० वर थांबतो. तुमचं कार्ड बरोबर दिसतंय कारण त्याच्या कंट्रोलरमध्ये ही दुरुस्ती आधीच केलेली असणार. म्हणून एकच आकडा सगळ्यांना देऊन भागत नाही, प्रत्येक भागाचा आकडा वेगळा आणि डोळ्याला दिसणारा रंग एक, असं करायला लागतं.

पांढऱ्यासाठी सगळ्यात कमजोर भाग पकडा, तुमच्याकडे बहुतेक रॅम. तिला हात लावू नका. आता पंख्यांचा निळा कमी करत जा, २५५ वरून २०० वर, मग १७०, मग हिरवा थोडा खाली, जोवर दोन्ही शेजारी शेजारी सारखे वाटत नाहीत. खोलीतला दिवा नेहमी जसा असतो तसाच ठेवून करा आणि काच लावून करा, धुरकट काच असेल तर तिचा स्वतःचा रंग मिसळतो. फोनच्या कॅमेऱ्यावर विश्वास ठेवू नका, तो स्वतःचं पांढरं स्वतः ठरवतो आणि वर एलईडीच्या लुकलुकीचे आडवे पट्टे दाखवतो.

आणि लाल मागितल्यावर हिरवा येत असेल तर ते रंगाचं नाही, क्रमाचं. डब्ल्यूएस२८१२ ला आधी हिरवा, मग लाल, मग निळा असा डेटा लागतो, काहींना आधी लाल. सेटिंगमध्ये क्रम बदलता येतो.

जुना_सोल्डर :
पांढऱ्यात अजून एक. लांब रांगेत शेवटचे एलईडी पिवळट-लालसर वाटले तर ते कॅलिब्रेशनने जाणार नाही, तिथे व्होल्टेज पडतंय. निळ्या आणि हिरव्या एलईडीला पेटायला तीनेक व्होल्ट लागतात, लालला दोनच्या आसपास, म्हणून ५ चे साडेतीन झाले की आधी निळा माघार घेतो आणि लाल टिकून राहतो. उपाय म्हणजे शेवटच्या टोकालाही ५ व्होल्ट आणि ग्राउंड जोडणं किंवा रांग दोन हेडरवर वाटणं.

पंखाप्रेमी :
पांढरपेशा भौ, मानलं तुम्हाला. रॅमला धरून पंखे खाली आणले, आता काचेतून फरक कळत नाही. कार्डाला निळा जरा वाढवावा लागला.

पंखे पण बदलले, दोन प्लगवाले घेतले, लाट आता खालून वर जाते आणि छतावरून मागेही जाते, बघत बसावंसं वाटतं. एकच खुसपट राहिलं. लाट रॅममध्ये शिरते तेव्हा अडखळते, पंख्यांत लोण्यासारखी आणि रॅममध्ये पायऱ्या पायऱ्यांनी. आणि लाट चालू असताना पीसी जरा जड वाटतो.

टर्मिनलवाला :
रॅमचं ते तसंच असतं. एसएमबस बहुतेक ठिकाणी १०० किलोहर्ट्झवर चालतो, पंख्यांच्या डेटालाइनच्या आठव्या हिश्श्याने, आणि प्रत्येक बाइटपाठोपाठ पोचपावती, प्रत्येक निरोपाआधी पत्ता. चार पट्ट्या असतील तर एकेकीला आळीपाळीने सांगायचं. सेकंदाला ६० वेळा रॅमचं चित्र बदलायचा हट्ट सोडा, इफेक्टचा वेग रॅमपुरता १५-२० वर आणा. किंवा रॅमला लाटेतून काढून एकाच मंद रंगावर ठेवा, मी तसंच करतो आणि खरं सांगायचं तर ते जास्त छान दिसतं, सगळंच हललं की डोळा कुठे ठरत नाही.

भागांच्या आतले तयार इफेक्ट वापरले तर सीपीयूवर भार नाही, पण मग प्रत्येक कंट्रोलरचं घड्याळ वेगळं, सुरुवातीला जुळलेली लाट थोड्या वेळाने पुढेमागे होते. तालात हवं असेल तर सॉफ्टवेअरनेच एकेक फ्रेम पाठवायला हवी, तो भार त्याचाच. म्हणून रोजच्यासाठी स्थिर रंग ठेवा आणि तो सेव्ह टू डिव्हाइसने भागांच्या मेमरीत टाका. मग सॉफ्टवेअर बंद असलं तरी रंग राहतो आणि विंडोज येईपर्यंतचं ते इंद्रधनुष्यही जातं. सगळे भाग हे मानत नाहीत, जे मानतील त्यांचं करा.

रँकपुश :
विंडोज ११ मध्ये डायनॅमिक लायटिंग आलंय की २०२३ पासून, ते कुणी वापरत नाही का? सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशनखाली.

टर्मिनलवाला :
कल्पना चांगली. लँपअॅरे नावाचं यूएसबीवरचं मानक आहे, ते पाळणारं यंत्र विंडोजला थेट दिसतं, कंपनीचं सॉफ्टवेअर नको, कर्नलमध्ये घुसणारा ड्रायव्हर नको. कोणत्या अॅपने आधी रंग द्यायचा याची उतरंडही तिथे लावता येते, म्हंजे भांडणं विंडोजच मिटवतं. पण आधी कीबोर्ड-माउस आले, बोर्डांचं हळूहळू येतंय, आणि रॅम एसएमबसवर असल्यामुळे ती बाहेरच. तुझा कीबोर्ड त्यात दिसत असेल तर चालू कर, पण मग ओपनआरजीबीतून तो काढ, नाहीतर परत दोन मालक.

काळोख :
माझाही एक खरा प्रश्न. पीसी बंद केला तरी रॅम आणि माउस रात्रभर पेटलेले. झोपेत खोली जांभळी.

जुना_सोल्डर :
बायोसमध्ये पॉवर मॅनेजमेंटखाली ईआरपी म्हणून पर्याय असेल, चालू करा. बंद अवस्थेत स्टँडबाय वीज तुटते, दिवे जातात. बदल्यात कीबोर्डच्या बटणाने पीसी चालू होणं आणि बंद पीसीच्या यूएसबीवर फोन चार्ज होणं जाईल. काही बोर्डांत फक्त बंद अवस्थेतले दिवे घालवायचं वेगळं सेटिंगही असतं, ते आधी शोधा.

काळोख :
गेले. आभार. तरी वायरी काढा हेच माझं मत.

पंखाप्रेमी :
हाहा. शेवटचं विचारतो, टेबलाच्या मागे एआरजीबीची एक पट्टी लावायचीये, पीसीच्याच लाटेत. केसमधून वायर बाहेर काढू का?

जुना_सोल्डर :
नको, लांब वायरीत व्होल्टेजही पडेल आणि बोर्डाच्या हेडरवर भारही. ईएसपी३२ चं (वायफायवाल्या छोट्या कंट्रोलरचं) एक बोर्ड घ्या, त्यात डब्ल्यूएलईडी (एलईडी पट्ट्या चालवणारं सॉफ्टवेअर) टाका, पट्टीला स्वतंत्र ५ व्होल्टचा अडॅप्टर. डब्ल्यूएलईडी वायफायवरून ई१.३१ (नेटवर्कवरून दिव्यांचा डेटा पाठवायची पद्धत) ऐकतं आणि ओपनआरजीबी ई१.३१ बोलतं, त्यातल्या एका युनिव्हर्समध्ये (डेटाच्या एका गठ्ठ्यात) १७० एलईडी बसतात, पट्टी त्याहून मोठी असेल तर दुसरं युनिव्हर्स जोडायचं. ईएसपी३२ चा सिग्नल ३.३ व्होल्टचा आणि ५ व्होल्टच्या एलईडीला कागदोपत्री ३.५ लागतो, कधी चालतं कधी लुकलुकतं, मध्ये ७४एएचसीटी१२५ (सिग्नल ५ व्होल्टवर नेणारी चिप) टाका म्हणजे कटकट नाही. अडॅप्टरचं ग्राउंड आणि ईएसपीचं ग्राउंड एकत्र जोडा, ते राहिलं की पट्टी वेड्यासारखे रंग दाखवते आणि लोक पट्टीला शिव्या घालतात.

पंखाप्रेमी :
मागवतो. पट्टी मीटरला ६० एलईडीची घेऊ की १४४ ची?

पांढरपेशा :
भिंतीवर उजेड पडणार असेल तर ६० पुरे, एलईडी डोळ्याला थेट दिसतच नाहीत. काठावर उघडी लावणार असाल तर १४४ ची, आणि वर दुधी पट्टी, पण मग अडॅप्टर मोठा लागेल, सोल्डर दादांचं ६० मिलिअँपिअरचं गणित आधी करा.